लांकडांतील लिग्निन व उन्हाळ्याची सुटी

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फौंडेशन या सरकारी संस्थेनें १९८७ सालीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांस उन्हाळ्याच्या सुटींत विद्यावेतन देऊन संशोधनास लावण्याची योजना काढली. कांहीं ठिकाणीं त्यांचा विषय वनोत्पन्न हा असतो, व कांहींस परदेशींहि धाडतात. हा खर्च व्यर्थ वाटेल. पण तसें नाहीं. लांकडाचा सुमारें चौथा हिस्सा लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. कागदाच्या गिरण्या तें बहुतेक भट्टींत जाळतात. त्याचा सरस किंवा राळ होईल काय, हा प्रश्न आहे. परंतु ब्राझिलांत सुमारें ७ वर्षांत तोडीस येणारी निलगिरी व फिनलंडांत ६०-७० वर्षें वाढणारा स्प्रूस यांच्या लिग्निनाची घडणच भिन्न. एकावर बसविलेली कृति दुसऱ्यास लागेलच असें नाहीं. आमच्या उसाच्या चिपाडांतहि लिग्निन असतेंच, आणि तेंहि बहुधा कारखान्याच्या बॉयलरांतच जातें.