प्रोग्रेसिव्ह प्रेस

प्रोग्रेसिव्ह प्रेस हे काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे यंत्र आहे. घरगुती वापराची यंत्रे सहसा हाताने चालवली जातात. या यंत्रात काडतूस भरण्याच्या निरनिराळ्या क्रिया वेगवेगळ्या पुंगळ्यांवर एकाच वेळी होतात. सर्व जागा भरल्यानंतर दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर एक तयार काडतूस मिळते. अमेरिकेत स्पर्धात्मक नेमबाजी करणारे अनेक जण असे यंत्र घरी वापरतात. वेग हे त्याचे मुख्य आकर्षण असले, तरी अनेक क्रिया एकदम घडत असल्याने एखादी चूक नजरेतून सुटण्याचा संभवही यातच अधिक असतो. त्यामुळे चूक वेळीच लक्षात आणून देण्याची सोय हा निवडीचा महत्त्वाचा निकष ठरतो.

पार्श्वभूमी

काडतुसाचे पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी असे चार घटक असतात. बार उडाल्यावर प्राइमर आणि दारू जळून जातात व गोळी नळीबाहेर पडते; पितळी पुंगळी मात्र शाबूत राहते. ती बहुधा सर्वांत महाग घटक असल्यामुळे तिचा पुनर्वापर किफायतशीर ठरतो. खर्चातील बचतीखेरीज आपल्या बंदुकीला अनुरूप आणि एकसारखी काडतुसे मिळावीत, हाही या छंदामागील हेतू असतो. बॉक्सर पद्धतीच्या प्राइमरसाठी पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे जुना प्राइमर सुईने सहज काढता येतो. बर्डन पद्धतीच्या पुंगळ्यांत ही सोय नसल्याने त्या सहसा पुन्हा भरल्या जात नाहीत.

यंत्रांचे प्रकार

सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसवता येते. सर्व पुंगळ्यांवर एक क्रिया पूर्ण करून मग पुढील क्रियेसाठी डाय बदलावी लागते. टरेट प्रेसमध्ये अनेक डाय एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या असतात. मात्र काम एका वेळी एकाच पुंगळीवर होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये डाय स्थिर राहतात आणि पुंगळ्या धरणारी शेल प्लेट फिरते.

कार्यपद्धती

पिस्तुलाच्या काडतुसासाठी पहिल्या स्थानावर जुना प्राइमर निघतो व पुंगळी मूळ मापात आणली जाते. त्यानंतर नवा प्राइमर बसतो. पुढील स्थानांवर पुंगळीचे तोंड किंचित रुंदावून मोजकी दारू टाकली जाते, गोळी बसवली जाते आणि शेवटी तोंड आवळले जाते. क्रियांची नेमकी विभागणी प्रत्येक यंत्रात थोडी वेगळी असते.

निवडीचे निकष

पहिला प्रश्न गरजेचा असतो. महिन्याला शे-दीडशे काडतुसे लागणाऱ्या किंवा नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीला सिंगल स्टेज प्रेस पुरेशी होते व प्रत्येक क्रिया स्वतंत्रपणे समजते. आठवड्याला शेकडो काडतुसे झाडणाऱ्या स्पर्धकालाच प्रोग्रेसिव्ह प्रेसचा खरा उपयोग होतो.

दुसरा निकष शेल प्लेट फिरवण्याच्या पद्धतीचा आहे. डिलन कंपनीच्या आरएल ५५० या यंत्रात चार स्थाने असून प्लेट हाताने फिरवावी लागते. गती आपल्या हाती राहते. पण लक्ष विचलित होऊन प्लेट फिरवायची राहिल्यास त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडू शकते. त्याच कंपनीचे एक्सएल ७५० आणि हॉर्नडी कंपनीचे लॉक-एन-लोड एपी या पाच स्थानांच्या यंत्रांत प्लेट आपोआप फिरते. तेथे ही विस्मृती संभवत नाही. मात्र यंत्र मध्येच अडकल्यास कोणती पुंगळी कोणत्या अवस्थेत आहे, हे तपासूनच काम पुढे न्यावे लागते.

तिसरा निकष स्थानांच्या संख्येचा आहे. अतिरिक्त स्थान असल्यास तेथे दारूची पातळी तपासणारे उपकरण बसवता येते. काही उपकरणे पातळी कमी-जास्त असल्यास इशारा देतात. याशिवाय निरनिराळ्या मापांच्या काडतुसांसाठी लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत आणि ते बदलण्यास लागणारा वेळही विचारात घ्यावा लागतो. डिलनच्या स्क्वेअर डील बी या यंत्रात केवळ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसे भरता येतात व त्याला खास डाय लागतात.

धोके

पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत दारू पुंगळीतील थोडीच जागा व्यापते. त्यामुळे दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. असे काडतूस झाडल्यास बंदूक फुटू शकते. याउलट दारू पडलीच नाही, तर प्राइमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते आणि त्यानंतरची गोळी झाडल्यास नळी फाटू शकते. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहता येईल अशी यंत्राची मांडणी व पुरेसा प्रकाश आवश्यक असतो. दारूचे प्रमाण अधिकृत पुस्तिकेतूनच घेणे, मेजावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवणे आणि डोळ्यांना चश्मा लावणे हे प्रचलित नियम आहेत. प्राइमरच्या अवशेषांत शिसे असू शकत असल्याने काम संपल्यावर हात धुणे गरजेचे असते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी काडतुसे बनवण्याचा व्यवसाय करायचा असल्यास १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार परवाना आवश्यक आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना ही त्याहून वेगळी बाब असून ती कलम ३ खाली येते.