लेखांक ६ : पाऊस पडतोय, तरी धाप का?

आज कुत्र्यांच्या ‘कुशिंग’ या आजारावर लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. चिपळूणहून आलेल्या एका पत्राने मला माझ्या आवडत्या विषयाकडे ओढलंय. ताई विचारतात, ‘बाहेर पाऊस, पारा जेमतेम तिशीला, डोक्यावर पंखा. तरी आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर दुपारभर धापा टाकतो. उन्हाळा तर संपला ना?’

ताई, प्रश्न उन्हाचा नाही, ओलाव्याचा आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावरून हवा खेळवून तिथलं पाणी उडवणं. ही रचना विलक्षण आहे. शास्त्रज्ञ श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवलं, की धापणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने घेतो आणि तोंडाने सोडतो. आत जाताना ती नाकातल्या वेटोळ्यांवरून फिरते, तिथलं पाणी उडतं, अस्तर गार होतं. तीच हवा नाकातून परतली असती, तर त्या गार अस्तराला बरीच उष्णता परत देऊन गेली असती! वेगही पाहा. मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास. छाती स्वतःच्या नैसर्गिक लयीत हलत असते, म्हणून एवढ्या वेगातही स्नायूंना कष्ट कमी पडतात.

पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. आषाढात कोकणातल्या माठातलं पाणी गार होत नाही, तसंच इथे होतं. कुत्रा धापतो, उष्णता मात्र निघत नाही; उलट धापण्याच्या श्रमाची थोडी भरच पडते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल तर विचारू नका.

पंखा आपल्याला गार करतो तो घाम वाळवून. कुत्र्याच्या कोरड्या केसांवर त्याचा फारसा उपयोग नाही. पोट, जांघा, पंजे पाण्याने भिजवा आणि मग पंखा लावा. बंद खोलीत कूलर लावू नका, तो ओलावा वाढवतो. एसी असेल तर उत्तम.

गार जागी विसावल्यावर धाप हळूहळू उतरायला हवी. ती वाढतच गेली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक किंवा निळसर दिसल्या, पाय लटपटले, तर थांबू नका. कुत्र्याचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ म्हणजे जीवावरचा प्रसंग. आधी अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि मग गाडी काढा. ओल्या टॉवेलात गुंडाळू नका, उष्णता आतच कोंडते.

ताई, तुमच्या पत्रातलं नऊ हे वय मला खटकतंय. उतारवयातल्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राच्या झडपा लुळ्या पडण्याचा विकार आढळतो. श्वास घेताना घरघर होते, भुंकणं घोगरं होतं, आणि दमट हवेत त्रास बळावतो. त्याचा आवाज बदललाय का, ते आठवून पाहा. शिवाय तो गाढ झोपलेला असताना श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर वारंवार भरले, किंवा आवाज बदललेला वाटला, तर पाऊस उघडायची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.