समुद्राचे पाणी आणि आपला राब

आपल्या कर्जत-खालापुरातून समुद्र दिसत नाही. मग त्याचे आणि आपले नाते काय? पाहू या.

घाटातला पाऊस ओढ्यात येतो. ओढा नदीला मिळतो. उल्हास नदी कर्जतवरून कल्याणकडे जाते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. खोपोली-खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे आपल्या बांधावरून वाहिलेले पाणी शेवटी समुद्रातच जाते.

नदीचे पाणी गोडे. मग समुद्र खारट का? पाणी वाहताना खडक झिजवते. खडकातले क्षार थोडे थोडे विरघळून समुद्रात जातात. उन्हाने पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात. कोट्यवधी वर्षे हे असेच चालले आहे. एक लिटर समुद्रपाणी आटवले, तर सुमारे ३५ ग्रॅम क्षार उरतात. त्यात बहुतेक आपले खाण्याचे मीठच असते. मिठागरात मीठ पिकते ते याच रीतीने.

समुद्राचे पाणी एका जागी थांबत नाही, बरं का! वारा त्याला ढकलतो. मग समुद्रातही नदीसारखे प्रवाह वाहतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे, केरळच्या बाजूला जातो. थंडीत तो उलटा फिरतो.

प्रवाहाबरोबर उष्णताही हिंडते. पाणी ऊबदार असेल, तिथे वाफ जास्त होते. ती वाफ नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे आणतो. सह्याद्रीला अडून ती वर चढते. वर थंड होते. मग आपल्या भातावर पाऊस पडतो.

म्हणून शास्त्रज्ञ समुद्राची ऊब मोजतात. ती खोलवर मोजावी लागते. हे काम सोपे नाही. १००० मीटरखाली दिवसाही काळोख असतो. २००० मीटर खोल गेले, तर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर दोनशे किलोचा भार पडतो! तरी माणसाने हिंमत सोडली नाही. १९६० साली दोन माणसे पोलादी गोळ्यात बसून पॅसिफिक महासागरात सुमारे ११ किलोमीटर खाली उतरली. आपल्याकडे १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. आता अनेक देशांनी मिळून समुद्रात हजारो यंत्रे सोडली आहेत. ती २००० मीटरपर्यंत खाली जातात. साधारण दर दहा दिवसांनी वर येतात आणि पाण्याची ऊब व खारटपणा उपग्रहामार्फत कळवतात.

याचा आपल्याला उपयोग काय? वळवाची एक सर आली की राबावर घाईने बी टाकले जाते. मग पाऊस ओढ देतो आणि रोप करपते. बी जाते, पैसा जातो, पुन्हा उसनवारी होते. हे आम्ही अनेक वेळा पाहिले आहे. हवामान खाते पावसाचा अंदाज बांधताना समुद्राची ही मोजमापे विचारात घेते. अंदाज कधी चुकतोही. पण बी टाकण्यापूर्वी तो पाहावा, यात शहाणपण आहे.

आता तुम्हांला वाचता येते. वर्तमानपत्रातला अंदाज स्वतः वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.