निवाऱ्याची पाटी कोणासाठी?

जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांच्यापुढे एक विलक्षण व्यावहारिक पेच होता. गृहाची वार्ता गरजू विधवेपर्यंत पोहोचावयास हवी. परंतु ती तेथे आली हे मात्र कोणाला कळता कामा नये. भिंतीवर जाहिराती लावून त्यांनी वार्ता पोहोचविली. कागद कोणी वाचला, याची नोंद निदान भिंत ठेवीत नसे.

छळाला कंटाळून घर सोडू पाहणाऱ्या स्त्रियांना आश्रय देणाऱ्या संस्था आज संकेतस्थळे तयार करून घेतात, तेव्हा पेच तोच असतो. फरक इतकाच की, मोबाइल ही सारे लक्षात ठेवणारी भिंत आहे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो, आणि पत्नीचा वेगळा असला तरी त्याचा पासवर्ड पतीला ठाऊक असतो. कोणते पान केव्हा उघडले, हे त्यात राहते.

संस्थाचालकांना मात्र संकेतस्थळ म्हणजे वार्षिक अहवालाची रंगीत आवृत्ती वाटते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे सत्कार, शिलाई यंत्रांचे वाटप, आणि त्या यंत्रांमागे बसलेल्या स्त्रियांचे चेहरे! देणग्यांवाचून निवारा चालत नाही, हे खरे. म्हणून देणगीदारासाठी एखादे पान अवश्य असावे. परंतु पहिले पान त्याचे नव्हे. चेहऱ्यांना तर कोठेच स्थान नसावे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील २००६ च्या नियमांनुसार, स्त्रीची इच्छा असल्यास आश्रयगृहाने तिची ओळख प्रकट करावयाची नाही. छायाचित्रातील खिडकीबाहेरची दुकानाची पाटीसुद्धा शोधणाऱ्याला पत्ता सांगून जाते.

संकटातील स्त्रीचे प्रश्न अगदी साधे असतात. मुलांना बरोबर आणता येईल काय? अनेक ठिकाणी ठरावीक वयावरील मुलगे घेत नाहीत. हे दारात आल्यावर कळणे क्रूरपणाचे होय. रात्री आले तर चालेल काय? कागदपत्रे नसली तर? आधी तक्रार नोंदवावी लागते काय? त्याच नियमांप्रमाणे, घटनेचा अहवाल आधी नोंदविला नाही या कारणास्तव आश्रयगृहाला आश्रय नाकारता येत नाही. ही एक ओळ संस्थेच्या ध्येयधोरणांच्या चार परिच्छेदांहून मोलाची आहे. भाषाही तिचीच हवी. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द कायद्याचा. ती शोधते ते ‘नवरा मारतो, काय करू’ असे. हे शब्द पानावर नसतील तर पान तिला सापडावे कसे? शिवाय मजकूर चित्ररूपाने टाकला तर तो शोधात येत नाही आणि स्वस्त मोबाइलवर उघडावयास वेळ लागतो. जिन्यावर पावले वाजत असताना तेवढा वेळ कोणाजवळ असतो?

याच कारणास्तव अशा पानांवर ‘ताबडतोब बाहेर पडा’ अशी कळ ठेवण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठी तिचा नमुनाच तयार केला. कळ दाबताच हवामानासारखे निरुपद्रवी पान समोर येते. तथापि ती कळ पूर्वीची नोंद पुसत नाही, हे तिच्याशेजारीच स्पष्ट लिहावयास हवे; अन्यथा सुरक्षिततेचा भास असुरक्षिततेपेक्षा घातक ठरेल. शेजारणीचा मोबाइल किंवा कचेरीतला संगणक वापरण्याची सूचनाही तेथेच हवी. १८१ ही महिला मदतवाहिनी विनामूल्य आहे, परंतु लावलेला क्रमांक मोबाइलच्या यादीत राहतो, तो पुसावा लागतो.

यांपैकी बहुतेक गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. अवघड आहे ते वेगळेच. पानावर ‘चोवीस तास’ म्हणून दिलेला दूरध्वनी रात्री दोन वाजता कोण उचलणार, हे संगणकतज्ज्ञ ठरवू शकत नाही. ते कार्यकारी मंडळाच्या बैठकीत, पगाराच्या तरतुदीसह, ठरवावे लागते.