अपुरा खेळ विकावा काय?

भीमेकांठच्या मांडवगण फराटा गांवीं उसाचा व्यवहार कोणास नवा नाहीं. गुऱ्हाळावर काहील चढली म्हणजे गुळव्याची नजर पाकावरून ढळत नाहीं. वेळेआधीं उतरविला तर गुळाची ढेप बसत नाहीं. परंतु त्याच गुऱ्हाळावर पेलाभर रस देणारास कोणी लबाड म्हणत नाहीं. कारण तो रस म्हणूनच दिला जातो, गूळ म्हणून नव्हे.

आतां असें समजा कीं, याच गांवच्या एका एकत्र कुटुंबांतील मुलगा पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षें संगणकावर एक व्हिडिओ गेम रचीत आहे. खेळ निम्मा झाला, शिल्लक संपत आली, आणि एके रात्रीं तो विचारतो, "बाबा, झाला आहे तेवढा खेळ आतांच विक्रीस काढूं का?" वडिलांस प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण ही रीत आज जगभर रूढ आहे. 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या बाजारपेठेनें २०१३ सालीं 'अर्ली ॲक्सेस' नांवाची सोय काढली. तींत अपुरा खेळ अपुरा असें सांगूनच विकतां येतो. त्याआधीं 'माइनक्राफ्ट' हा खेळ २००९ पासून अशाच रीतीनें विकला जाऊन २०११ च्या नोव्हेंबरांत पुरा झाला. उलट 'द डे बिफोर' हा खेळ ७ डिसेंबर २०२३ रोजीं विक्रीस आला आणि चारच दिवसांनीं त्याच्या कर्त्यांनीं आपली कंपनी बंद केल्याचें जाहीर केलें!

हा फरक कशामुळें? माइनक्राफ्टमध्यें मूल स्वतःच घरें रचतें, मोडतें. जेवढें हातीं आलें तेवढ्यांतही पुष्कळ मौज असते. कथाप्रधान खेळाचें तसें नाहीं. अर्धी कादंबरी एकदां वाचली कीं उत्सुकता सरते. ती पुरी झाल्यावर वाचक परतेलच असें नाहीं.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. हरवलेल्या भावास शोधणाऱ्या राजी नामक मुलीचा खेळ तिनें रचावयास घेतला. २०१७ सालीं 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणी मागितली, नमुन्याचा भाग फुकट खेळावयास दिला. तरी ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तथापि त्यांनीं अर्धी कथा बाजारांत आणली नाहीं. दुसरीकडून भांडवल मिळवून खेळ तडीस नेला, आणि २०२० च्या ऑगस्टांत तो प्रसिद्ध झाला. त्यावरही कित्येक समीक्षकांनीं शेवट एकाएकीं झाल्याची तक्रार केली. पुऱ्या म्हणून आलेल्या कथेविषयीं ही रुखरुख, तर जाणूनबुजून अर्ध्या दिलेल्या कथेविषयीं किती असेल!

पैशाची बाजूही तपासली पाहिजे. स्टीम सामान्यतः विक्रीचा ३० टक्के भाग स्वतःकडे ठेवते. आणि विक्री अगदीं थोडी झाली तर ज्यास खेळ पुरा करणें परवडणार नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये, असें तीच कर्त्यांस बजावते. म्हणजे घरखर्च भागविण्यासाठीं अपुरा खेळ विकणें हें विक्री नव्हे, तें अनोळखी माणसांकडून घेतलेलें कर्ज होय.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलास तीन प्रश्न विचारावेत. आज जेवढें देतोस तेवढेंच पुढें राहिलें, तरी घेणाराचे पैसे फिटतील काय? एकही प्रत खपली नाहीं तरी काम पुरें करशील काय? आणि काय अपुरें आहे, हें विक्रीच्या पाटीवर स्पष्ट लिहिशील काय? तिन्हींस होकार मिळाला तर खुशाल विकूं द्यावें. एकासही नकार आला, तर आणखी किती महिने घरानें त्यास पोसावयाचें याची मुदत ठरवावी, आणि ती टळल्यास त्यानें नोकरी धरून फावल्या वेळीं काम चालवावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. रस विकण्यांत दोष नाहीं. गुळाचे पैसे घेऊन रस देण्यांत मात्र आहे.