परदेशातल्या बापाकडून पोटगी

बाप दुबईला असला, तरी खुलताबादच्या आईला मुलाच्या पोटगीसाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. ती राहते तिथल्याच न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली अर्ज करता येतो. तलाकनंतरही अज्ञान मुलाचा हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलं.

खरा घोर वसुलीचा. पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठीच्या 2007 च्या हेग करारात भारत नाही. म्हणून बापाच्या नावावर इथे शेत असेल, तर सातबारा आधी काढा. जप्ती त्यावर येऊ शकते. थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज कराच. विधी सेवा समितीकडून महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.