एन्व्हायरोथॉन : शालेय विद्यार्थी-संघ आणि नैसर्गिक संसाधनांचे शिक्षण

प्रस्तावना :
पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात आला म्हणजे विद्यार्थ्यांना पर्यावरण समजले, असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. परंतु तो कसा शिकवावा, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. या दृष्टीने अमेरिका व कॅनडातील 'एन्व्हायरोथॉन' हा उपक्रम अभ्यासण्यासारखा आहे.

पार्श्वभूमी :
१९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी अमेरिकेतील मैदानी प्रदेशाची शेती उद्ध्वस्त केली. त्यानंतर मृदा-संधारणाचा कायदा १९३५ मध्ये झाला आणि १९३७ पासून स्थानिक संधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. याच व्यवस्थेतून १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात विद्यार्थ्यांची ही स्पर्धा सुरू झाली. पुढे ती इतर राज्यांत व कॅनडाच्या प्रांतांत पोहोचली.

स्वरूप :
माध्यमिक शाळेतील पाच विद्यार्थ्यांचा एक संघ असतो. मृदा व भूमी-वापर, जलीय परिसंस्था, वनशास्त्र, वन्यजीव आणि एक चालू पर्यावरणीय प्रश्न असे पाच विषय असतात. परीक्षेचा मोठा भाग प्रत्यक्ष क्षेत्रावर होतो. विद्यार्थी खड्ड्यात उतरून मातीचे थर ओळखतात, ओली माती बोटांनी चोळून तिचा पोत ठरवतात, झाडाची उंची व घेर मोजतात. ओढ्यातील दगड उलटून त्याखालील कीटकांवरून पाण्याचा दर्जा जोखतात. कारण स्टोनफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्या प्रदूषित पाण्यात टिकत नाहीत. अखेरीस संघ एखाद्या वास्तव प्रश्नावर उपाययोजना तयार करून परीक्षकांसमोर मांडतो आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो.

शैक्षणिक महत्त्व :
या रचनेचे मर्म संघात आहे. उतारावरील वृक्षतोड ही वनशास्त्राची बाब. पण वाहून जाणारी माती मृदाशास्त्राची आणि गढूळ झालेला ओढा जलीय परिसंस्थेची. सर्व विषयांत एकच विद्यार्थी पारंगत असणे कठीण; म्हणून एकाचे निरीक्षण दुसऱ्याच्या ज्ञानाशी जोडावेच लागते. निसर्गातील परस्परावलंबन अशा रीतीने शिकण्याच्या पद्धतीतच उतरते.

मर्यादा :
स्पर्धेत निवडक विद्यार्थीच सहभागी होतात. मार्गदर्शक शिक्षक व स्थानिक तज्ज्ञ यांची साथ नसल्यास तयारी पुन्हा पाठांतराकडे झुकण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३-०४ च्या सुमारास आलेल्या पदवीस्तरीय अभ्यासक्रमात एकूण ५० तासिकांपैकी ५ तासिका क्षेत्रकार्यासाठी होत्या. त्या तासिका प्रत्यक्ष नाल्याकाठी होतात की विकत मिळणाऱ्या प्रकल्पवहीत संपतात, यावरच विषयाचे यश अवलंबून असते. स्पर्धा घेतलीच पाहिजे असे नाही. परंतु पाच विद्यार्थ्यांचा गट, महाविद्यालयाच्या परिसरातील एक ओढा आणि शिक्षकाने विचारलेला एक खरा प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.